अबोलीचा आकडा आणि दोनशे लिंबं

आटपाडी,
गुरुवार, सकाळी उन्हं दारात आल्यावर

श्रीमती शरयूताई, विहीणबाई यांस,

सयाजीचा, म्हणजे तुमची नातसून अबोली हिच्या आजोबाचा, वाकून नमस्कार. (वाकताना कमरेतून आवाज आला, तोही नमस्कारातच धरावा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? उजवा की डावा यावर आमच्या घरात मतभेद आहेत. अबोली म्हणते दोन्ही. वाईला थंडी पडली असेल, तेव्हा घाटाच्या पायऱ्या उतरायचा हट्ट करू नका. देव वरून केलेला नमस्कारही घेतो, त्याचे गुडघे काही दुखत नाहीत.

पत्रास कारण की मी जिवंत आहे. गेल्या महिन्यात तुम्हांला फोन आला की आटपाडीचे तात्या गेले, आणि तासाभराने तुमच्या नातवाने, शौनकने, सांगितलं की गेले नाहीत. मेल्याची बातमी तुम्हांला रडण्यासकट चांगली दहा मिनिटं मिळाली आणि जिवंत असल्याची एका वाक्यात, हे काही बरोबर झालं नाही. शिवाय त्या दिवशी तुम्ही दोन घास कमी जेवलात असं कळलं. त्या दोन घासांची मला फार लाज वाटते (आणि खरं सांगू का, थोडा आनंदही होतो). तेव्हाच सगळं सविस्तर लिहिणार होतो, पण म्हटलं, अबोलीचा आकडा हाती येईपर्यंत लेखणी उचलायची नाही. तो सोमवारी आला! काय आला ते पुढे सांगतो. तुम्ही मात्र पान उलटून आधीच बघू नका. फोनच का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून 'हो' शिवाय शब्दच निघत नाही. लग्नाची यादी करताना मी तुम्हांला चार वेळा हो म्हणालो होतो, त्यांपैकी वरातीला घोडा आणायचं मी कबूल केलंय हे मला घोडा दारात आल्यावर कळलं.

तर आधी माझ्या ज्ञानाविषयी दोन शब्द, म्हणजे पुढचा घोटाळा नीट समजेल. तुम्हांला ठाऊक आहे, मी चाळीस वर्षं इथल्या एस.टी. स्टँडसमोर चहाची गाडी चालवली. शिक्षण चौथी. बाकीचं सगळं शिकलो ते रद्दीवर. चहाला उकळी येईपर्यंत भज्यांसाठी आणलेला एकेक कागद वाचायचा, असा नेम. अडचण एवढीच, की मजकूर अर्धा वाचून व्हायचा तोवर कागदात भजी पडून गिऱ्हाईक चालू लागायचं. त्यामुळे माझं ज्ञान भरपूर आहे, पण बहुतेक ठिकाणी अर्ध्यावर तुटलेलं आहे. 'लिंबाचे शंभर उपयोग' हा लेख मी असाच एकदा वाचला आणि कापून ठेवला होता. त्यात बेचाळीस उपयोग शाबूत होते, शेवटी 'मात्र' एवढा एकच शब्द होता, आणि तिथून कागद फाटलेला. त्या 'मात्र'ने आमच्या घराचं काय केलं ते ऐका.

सातव्या महिन्यात तुम्ही ओटी भरून अबोलीला इकडे पाठवलीत, आणि दुसऱ्याच आठवड्यात साबेरा सिस्टरने तिचं रक्त तपासलं. (साबेरा आमच्याच गल्लीतली, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लहानपणी माझ्या गाडीवर बापासाठी किटली भरून न्यायला यायची, आता मला दरडावते.) आकडा आला आठ पूर्णांक सहा. साबेरा म्हणाली, आवं तात्या, घाबरू नगा, लोहाच्या गोळ्या वेळेवर द्या, पालेभाजी, मटकी, हुलगा खाऊ घाला, आन ताटावर लिंबू पिळा. लिंबानं जेवणातलं लोह अंगाला लागतं. तिकडून तुमचा निरोप आला, की आठवा सरेपर्यंत आकडा दहाच्या वर गेला नाही तर नववा लागताच अबोलीला वाईला घेऊन जायचं; तिथे डॉक्टर घराच्या वळणावर आहे. तुमचं चुकीचं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण विहीणबाई, हिच्या आईबापाची फौजेतली नोकरी, आज राजस्थान तर उद्या आसाम. ही पोर माझ्या गाडीमागच्या बाकड्यावर पाढे म्हणत वाढली. तिचं बाळ पहिल्यांदा रडेल तेव्हा आपण भिंतीच्या अलीकडे असावं, एवढं एकच मागणं माझं या वयात उरलंय. तेव्हा मी कंबर कसली. (तीच ती, आवाज येणारी.)

लोक आधी डाळिंबं घेऊन आले. आटपाडी म्हणजे डाळिंबाचं गाव. येईल तो पिशवीभर डाळिंबं आणतो आणि म्हणतो, लाल फळ म्हणजे लाल रक्त. मी म्हटलं, मग बिटाच्या मळ्यात नेऊन बसवू का पोरीला? फळ चांगलं, पोरीने आवडीने खाल्लं, पण रंगावर कुणी जाऊ नये असं साबेरानेच सांगितलं होतं. मी थेट हुसेनकडे गेलो. हुसेनचा फळांचा गाडा माझ्या चहाच्या गाडीशेजारी तीस वर्षं उभा होता, त्यामुळे त्याला माझ्याशी भांडायचा पूर्ण हक्क आहे. दोनशे लिंबं म्हटल्यावर तो म्हणाला, "तात्या, नात बाळंत व्हायची हाय का लोनच्याचा कारखाना काढायचाय रं?" मी म्हटलं, मोसंबीही घाल, संत्रीही घाल, आणि पपनस असेल तर तेही. त्याने पपनस दिलं ते एवढं मोठं, की हरणाबाईला (म्हणजे आमच्या घरच्या सरकारला) वाटलं भोपळा आणला, आणि तिने विळी काढली.

शरयूताई, या आंबट घराण्याबद्दल मला जे कळलं त्याने मी वेडा व्हायचा राहिलो! मोसंबीचा रस काढून गाळून पिण्यापेक्षा फोडी चावून खाव्यात, म्हणजे चोथाही पोटात जातो आणि पोट साफ राहतं. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे दोरे आपण तासभर सोलत बसतो, ते सोलायचे नसतातच. लिंबू चुलीवरच्या उकळत्या आमटीत पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं वाया जातं, ताटात वाढल्यावर पिळावं. म्हणजे आपली आई पानाच्या डाव्या कोपऱ्यात लिंबाची फोड वाढायची, ती काही शोभेला नव्हती! एवढी शहाणी बाई, आणि आम्ही ती फोड पानाखाली सारून उठायचो. आता पिळलेल्या सालीचं ऐका. सालीला मीठ लावून घासलं की पितळेचा गडू आरशासारखा होतो. हाताला लागलेला कांदा-लसणाचा वास जातो. कुकरच्या तळातल्या पाण्यात एक साल टाकली की कुकर आतून काळा पडत नाही. वाळवून दळली की उटण्यात जाते. मी तर म्हणतो, माणसाने लिंबासारखं जगावं. पिळून झाल्यावरही कामाला यावं.

आता 'मात्र'. पितळ चकचकीत झालं म्हणून मी आनंदाच्या भरात त्याच घागरीत लिंबाचं सरबत करून ठेवलं. संध्याकाळी बघतो तर सरबताला हिरवट रंग आणि तोंडात धरवणार नाही अशी चव. सगळं मोरीत ओतलं. मग लेकाने हौसेने बसवून दिलेला संगमरवरी ओटा लिंबाने घासला, तर डाग जायच्याऐवजी चकाकीच गेली. ओट्यावर आता पांढऱ्या ढगांसारखे पट्टे आहेत, आणि हरणाबाई आल्यागेल्याला ते हाताला धरून दाखवते. मग एक दिवस अंगणात उन्हात बसून साठ लिंबं पिळली. दोन दिवसांनी दोन्ही हातांवर काळे चट्टे. साबेरा म्हणाली, लिंबाचा रस अंगाला लागलेला असताना उन्हात बसू नये, एवढं साधं कळत न्हाई व्हय? मी म्हटलं, बाई, ते फाटलेल्या भागात होतं.

एवढं करून पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. आठ पूर्णांक सात! दोनशे लिंबांमागे एक दशांश! साबेराने अबोलीला खोदून खोदून विचारलं, गोळी कशाबरोबर घेतीस? आणि माझी गुणाची नात, जिने आजवर कुणाची चुगली केली नाही, ती म्हणाली, "आजोबांच्या चहाबरोबर." जेवण झालं की मी तिला मायेने अर्धा कप चहा द्यायचो. गोळीबरोबर अर्धा. बघायला कुणी आलं की पाव्हण्याला सोबत म्हणून अर्धा, आणि सातव्या-आठव्यातल्या पोरीला बघायला आटपाडीत दिवसाला दहा माणसं येतात. साबेराने कपाळावर हात मारला. म्हणाली, जेवनावर आन गोळीवर च्या पडला की लोह अंगाला लागायचं ऱ्हातं. लिंबू दार उघडतंय आन तुमचा च्या कडी घालतोय. निदान दीड-दोन तास मध्ये जाऊ द्या!

माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच विचार करा. चाळीस वर्षं जेवून उठलेल्या माणसाला हाक मारून चहा पाजला. अख्ख्या तालुक्याच्या लोहाला मी कडी घातली की काय, या विचाराने मला दोन दिवस घास गोड लागला नाही. दवाखान्यातून त्याच पावली घरी आलो आणि चहाचं पातेलं, गाळणं, डबा सगळं माळ्यावर टाकलं. अबोलीला वास आला की तिला तल्लफ येते, म्हणून ठरवलं की बाळ होईपर्यंत या घरात चहाच नको. पाव्हण्यालाही नाही, मलाही नाही. हे बोलायला सोपं आहे. तुमच्या वाईत कुणाला चहा मिळणार नाही म्हटलं तर तो सुटल्यासारखा निघून जात असेल. आमच्याकडे चहा विचारला नाही तर तीन पिढ्या लक्षात ठेवतात. पहिल्या दिवशी चौघं सरबत पिऊन रुसून गेली. दुसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ अंगणातूनच परत गेला. तिसऱ्या दिवशी मी वारलो.

झालं ते असं. चहा सुटल्याने माझं डोकं घणाने ठोकल्यासारखं दुखायला लागलं. माझ्या कागदातला एकोणिसावा उपयोग: डोकेदुखीवर कपाळाला लिंबाच्या साली. त्या चिकटवल्या आणि सोप्यात आडवा झालो. लिंबाला माश्या येतात म्हणून पांढरी चादर नखशिखांत ओढून घेतली. पंख्याची वायर उत्तरेच्याच कोपऱ्यात पोचते म्हणून डोकं उत्तरेला केलं. शेजारी हरणाबाई लोणच्यासाठी पाच शेर हिरव्या मिरच्या चिरत बसली होती, तिच्या डोळ्यांतून धारा. अबोली आत झोपलेली. चूल थंड. अशा वेळी समोरच्या बनुबाई दारात आल्या. (बनुबाई वाईट नाहीत. पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ती बाहेर पडताना वाढून पडते.) ज्या घरात चाळीस वर्षं चपला काढायच्या आत हातात कप पडायचा, तिथे हरणाबाईने पदराने डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "बस बाई. च्या न्हाई आज. आता ह्या घरात च्या न्हाईच."

बनुबाईंनी एकदा चादरीकडे पाहिलं, "आगं बाई गं!" म्हणाल्या, आणि मागच्या पावली गेल्या. असल्या वेळी काय झालं म्हणून विचारत नसतात, हा आपला रिवाज. अर्ध्या तासात सोप्यात चाळीस माणसं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी न्यायचा तो कडू घास, पिठलं-भाकरी, पाच घरांतून आला, आणि स्टँडवरून चहाची भलीमोठी किटली. तुम्हांला वाईला फोन केला तोही बनुबाईंनीच. लग्नपत्रिकेवरचा नंबर त्यांनी अशाच एखाद्या प्रसंगासाठी जपून ठेवला होता. हरणाबाई भांबावून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि लोक तिला म्हणत होते, धीर धर, असं मनाला लावून घेऊ नको.

मला डोळा लागला होता तो बोलण्याने उघडला. चादरीखालून ऐकतो तर माझं कौतुक चाललेलं. सोन्यासारखा मानूस. कुनाला कवा उपाशी धाडलं न्हाई. मला फार बरं वाटत होतं, उठावंसं वाटेना. तेवढ्यात हुसेन (गाडा बंद करून आला होता बिचारा, नाक ओढत होता) म्हणाला, "मानूस लाखाचा. पन च्यात पानी लय घालायचा. आन आलं तर नुसतं दाखवायचा गड्या."

मी ताडकन उठून बसलो. "आलं दाखवायचो? रोज पावशेर आलं ठेचत हुतो की रं, हुसेन्या!"

कपाळावरची एक साल टपकन भाकरीच्या टोपलीत पडली. बनुबाई किंचाळत तुळशीपर्यंत गेल्या. दोघांनी जोत्यावरून उड्या टाकल्या, एकाचं धोतर मागे राहिलं. हुसेन मात्र हलला नाही. डोळे पुसून म्हणाला, "बघा. मी म्हनलं नव्हतं? आल्याचं नाव काढलं की हा मेलेला उठंल." आणि माझ्या गळ्यात पडला. तिकडे अबोली दाराला धरून इतकी हसत होती, इतकी हसत होती, की धावत आलेली साबेरा माझ्याकडे न बघता आधी तिच्याकडे गेली.

पण साबेरा हुशार. चाळीस माणसं, हातात भाकरी, अशी सभा पुन्हा मिळायची नाही हे तिने ओळखलं. तिथेच उभी राहून तिने लोह, लिंबू आणि चहाचं सगळं समजावलं. मग त्या पिठल्यावर माझीच लिंबं पिळून सगळ्यांनी माझा कडू घास खाल्ला, आणि किटली दीड तास कोपऱ्यात झाकून ठेवली. पुढच्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या सव्वीस बायका रक्त तपासायला रांगेत उभ्या राहिल्या. त्यांतल्या चौदाजणींना गोळ्या लागल्या. चाळीस वर्षं जगून जे केलं नाही ते मी एका सकाळी मरून केलं.

आणि आता आकडा! या सोमवारी अबोलीचं रक्त पुन्हा तपासलं. दहा पूर्णांक एक! शरयूताई, दहा पूर्णांक एक! मी कागद घेऊन दवाखान्यातून निघालो तो थेट स्टँडवर, तासगावच्या गाडीत चढून कंडक्टरला दाखवला. तो म्हणाला, कितीपैकी? मी म्हटलं, पैकी नाही रे, वर! दहाच्या वर! साबेरा म्हणते अकराच्या पुढे न्यायचाय, गोळ्या चालूच ठेवायच्या. ठेवतो. पण आठवा सरायला पाच दिवस असताना दहा ओलांडले हे तुम्ही वाईत बसूनही नाकारणार नाही.

घरातल्या सगळ्यांना ज्याचं त्याचं पोचतं करा, मोठ्यांच्या पायांवर डोकं, धाकट्यांच्या पाठीवर हात. लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी सोबत पाठवतो आहे. काचेची आहे. (पितळेचं आता नाव नको.)

तुमचा, अजून असलेला,
सयाजी

ता. क. १. एवढं वाचून तुमच्या ध्यानात आलंच असेल, पण लिहितो. अबोलीला इथेच राहू द्या. आणि तुम्ही स्वतः या. तुमच्यासाठी पूर्वेची खोली सारवून ठेवली आहे, दवाखाना तिथून सहाशे पावलांवर आहे. मी दोनदा मोजली.

ता. क. २. साबेराने पत्र वाचलं. ती म्हणते, आकडा चढला तो मुख्य गोळ्यांनी, लिंबाने हातभार लावला एवढंच. तसं लिहा म्हणाली, म्हणून लिहिलं. मला पटलेलं नाही.

ता. क. ३. मी हरणाबाई. पाकीट चिकटवाया माझ्याकडं दिलं, तवा चार वळी मी लिवते. ताई, ह्यांनी पोरीचा आकडा लिवला, सवताचा न्हाई लिवला. बायकांच्या रांगंत ह्येबी हुभं ऱ्हायलं हुतं. ह्यांचं रगात आठ पूर्णांक नऊ निघालं. डाक्टर म्हनलं, सातारच्या मोठ्या डाक्टरला दावा, आनखी तपासन्या करा, नुसतं लिंबू पिळून भागायचं न्हाई. तर ह्ये म्हनत्यात, बाळ झाल्याबगर मी हितनं हालायचा न्हाई, आन कागद दडवून ठिवलाय. माझं ऐकत न्हाईत, तुमाला भित्यात. अट तुमचीच हाय, दहाच्या आतल्याला वाईला न्यायचं. पोरगी त्यातनं सुटली. तवा शौनकला ऐतवारी गाडी घेऊन धाडा, पोरगी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या, आन ह्यांला न्या, वाईस्नं सातारा जवळच हाय. बाळ यायाला पाच आठवडं हायेत. तवर बरं करून आनून सोडा, भिंतीच्या अलीकडं.